मूल समोर बसतं तेव्हा: मुलांच्या आणि किशोरांच्या समुपदेशनातली नीती, कायदा आणि वर्तन

मुलांच्या समुपदेशनात पहिला फोन बहुधा आईचा येतो. "उलट बोलायला लागलाय, अभ्यासाचं नाव नाही, सारखा मोबाइल. तुम्ही जरा समजावून सांगा ना." मग आवाज थोडा खाली येतो, "आणि मी फोन केला होता हे त्याला सांगू नका हं." काम सुरू व्हायच्या आधीच नीतीचा पहिला प्रश्न दारात उभा असतो. मोठं माणूस समुपदेशनाला येतं तेव्हा तक्रारही त्याची असते, फीही तोच देतो आणि थांबायचं कधी हेही तोच ठरवतो. मुलाच्या बाबतीत तक्रार शाळेची असते, फी बाबा देतात, वेळ आई ठरवते. ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय त्याला मात्र कुणी काहीच विचारलेलं नसतं.

म्हणून या कामात मी एक गोष्ट सगळ्यांत वर धरते: आपण ज्याच्यासाठी बसलो आहोत ते मूल आहे, आणि कुणाला काय सांगायचं, काय नाही, हे पहिल्याच भेटीत मुलाच्या देखत ठरलं पाहिजे. पेच पडल्यावर ठरवायला बसलं, तर मुलाचा विश्वास तरी जातो, नाहीतर त्याची सुरक्षितता तरी.

हा लेख मुख्यतः शाळांमधल्या समुपदेशकांसाठी आणि शिक्षण संपवून नुकतंच हे काम हाती घेतलेल्यांसाठी आहे. पालकांनीही जरूर वाचावा. आपलं मूल ज्याच्याकडे न्यायचं त्याला काय विचारायचं, हे त्यातून कळेल. उदाहरणांतली मुलं अनेक अनुभव एकत्र करून, ओळख पटणार नाही अशा रीतीने मांडली आहेत.

आधी स्वतःची हद्द ठरवा

आपल्याकडे 'समुपदेशक' ही पाटी फार सैलपणे लावली जाते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि औषधं तोच देऊ शकतो. एम.ए. किंवा पदविका करून शाळेत लागलेल्या समुपदेशकाचं काम वेगळं आणि तितकंच मोलाचं आहे, पण निदान करणं हे त्याचं काम नाही. "याला एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) आहे" हे वाक्य पालकांच्या कानावर सहज जाऊ देऊ नका. एकदा गेलं की ते मुलाच्या कपाळावर कायमचं चिकटतं. पहिल्याच फोनवर आपलं शिक्षण काय, आपण काय करतो आणि काय करत नाही, हे न विचारता सांगून टाका.

त्याचबरोबर शरीराची बाजू तपासून घ्या. 'लक्ष देत नाही' म्हणून आलेल्या मुलाला फळाच दिसत नसतो, असं होतं. ऐकू कमी येणं, रक्त कमी असणं, झोप पुरी न होणं, फिट येणं, थायरॉइड, यांतलं काही असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ. वाचन आणि लेखन वयाच्या मानाने फारच मागे असेल तर अध्ययन अक्षमतेची रीतसर चाचणी करायला सांगा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतीही मिळतात. ज्या मुलाला अक्षरंच सुटी सुटी दिसत नाहीत, त्याला 'प्रेरणा' देत बसणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमायचा आहे. यातून नव्या नेमणुका होतील. त्या माणसांना ही हद्द पहिल्या दिवसापासून ठाऊक असायला हवी.

पहिला फोन

"सांगू नका" म्हणणाऱ्या आईला मी शांतपणे सांगते, "त्याने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तुमचा फोन आला होता, तुम्हाला काळजी वाटते, एवढं मी त्याला सांगेन. बाकी तुमच्या तोंडून जाऊ दे." बहुतेक आयांना हे पटतं. ज्यांना पटत नाही, त्यांच्याशी आणखी थोडं बोलावं लागतं, कारण त्या घरात लपवाछपवीची सवय आधीपासून असण्याची शक्यता असते.

मुलाला काय सांगून आणायचं, हेही फोनवरच ठरवा. "मावशीकडे जाऊन येऊ" असं फसवून आणलेलं मूल पहिला अर्धा तास दाराकडे बघत बसतं. "तिथे गेल्यावर तुझी सगळी नाटकं बंद होतील" अशी धमकी त्याहून वाईट. लहान मुलाला पुरेसं आहे ते इतकं: "शाळेत जायच्या वेळी तुझ्या पोटात दुखतं ना, त्याबद्दल एका ताईंशी बोलायचंय. त्या इंजेक्शन देत नाहीत. मी बाहेरच बसणार आहे." चौदा-पंधराच्या मुलीला कारण स्पष्ट सांगा आणि आवडलं नाही तर तसं म्हणायची मुभा आहे, हेही सांगा.

पहिली भेट: सगळ्यांसमोर नियम

पहिली दहा-पंधरा मिनिटं मूल आणि पालक एकत्र बसवा. गोपनीयतेचे नियम दोघांनी एकाच वेळी, एकाच शब्दांत ऐकले पाहिजेत. वेगवेगळं सांगितलं की पुढे "तुम्ही मला असं म्हणाला नव्हता" सुरू होतं.

किशोरवयीन मुलाला मी साधारण असं सांगते: "तू इथे बोलशील ते माझ्यापाशी राहील. आईबाबांनी विचारलं तरी मी सांगणार नाही. मात्र तीन वेळा मला गप्प बसता येणार नाही. तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर, तू दुसऱ्या कुणाला गंभीर इजा करशील असं वाटलं तर, आणि तुझ्याशी कुणी लैंगिक स्वरूपाचं वागलं असेल किंवा तुला कुणी मारहाण करून त्रास देत असेल तर. अशा वेळीसुद्धा आधी तुला सांगेन, मग बाकीच्यांना." न्यायालयाने माहिती मागितली तर ती द्यावी लागते, हेही मोठ्या मुलांना सांगून ठेवावं. सात-आठ वर्षांच्या मुलाला इतकं पुरे: "इथल्या गोष्टी इथेच. पण तुला कुणी दुखवत असेल तर आपण तुला मदत करणारं मोठं माणूस शोधू."

मग मुलालाच विचारा, "मी काय म्हणाले, तुझ्या शब्दांत सांग बघू." "म्हणजे सिगारेटचं सांगणार नाही, पण मरायचं म्हटलं तर सांगणार," असं एखादा मुलगा बापासमोर बोलून जातो आणि खोलीत शांतता पसरते. त्याला नियम नेमका कळलेला असतो.

पालकांना काय मिळेल, हेही याच वेळी ठरवा, नाहीतर आपण मूल आणि आईबापांमध्ये भिंत घालतो आहोत असं त्यांना वाटतं. काम कुठल्या दिशेने चाललंय, घरी काय बदलायला हवं, सुरक्षिततेचा प्रश्न आला तर तत्काळ माहिती, हे त्यांचं. मुलाची वाक्यं, त्याने काढलेली चित्रं, मित्रांची नावं ही मुलाची.

संमती पालकांची, होकार मुलाचा

कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलासाठी लेखी संमती पालकांची. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात अल्पवयीन मुलाचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांचे निर्णय त्याच्या वतीने घेणारा माणूस, म्हणून कायदेशीर पालकच धरला जातो, पण त्या प्रतिनिधीने निर्णय घेताना त्या व्यक्तीची इच्छा लक्षात घ्यायची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारनाम्याचं बारावं कलमही हेच सांगतं: मुलाशी संबंधित निर्णयात मुलाचं मत ऐकलं जावं आणि त्याच्या वयानुसार, समजुतीनुसार त्याला वजन द्यावं. भारत १९९२पासून त्या कराराला बांधील आहे.

मुलाचा नकार नेहमी शब्दांत येत नाही. दर बुधवारी यायच्या वेळी डोकं दुखतं, प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही", टोपी डोळ्यांवर ओढलेली. हा नकार आहे, त्याला हट्टीपणा म्हणू नका. मी उघड बोलते: "तुला इथं यायचं नव्हतं, बरोबर? दोनदा येऊन बघ. नंतरही नकोसं वाटलं तर आपण दोघं मिळून आईबाबांना सांगू." अशी सुटायची वाट दिली की बरीच मुलं थांबतात. तरीही नको म्हणालं आणि धोका काही नसेल, तर मुलाला सोडून पालकांसोबत काम करा. आठ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वागण्याचे कितीतरी प्रश्न पालकांच्या वागण्यात बदल झाल्यावर सुटतात.

क्वचित रुग्णालयात दाखल करायची वेळ येते. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ८७व्या कलमानुसार मुलांना मोठ्यांपासून वेगळ्या जागी ठेवायचं, सोबत प्रतिनिधी किंवा त्याने नेमलेलं माणूस पूर्ण वेळ राहिलं पाहिजे, आणि दाखल केल्याची माहिती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (रुग्णांचे हक्क जपण्यासाठी याच कायद्याने नेमलेल्या मंडळाला) ७२ तासांत द्यायची. विजेच्या झटक्याचे उपचार अल्पवयीनांना पालकांची संमती आणि मंडळाची आधी घेतलेली परवानगी, या दोन्हींशिवाय देता येत नाहीत. पालकांना हे माहीत नसतं. सांगणं आपलं काम.

गुपितं: सगळ्यांत अवघड भाग

तीन अपवाद सांगितले, पण खरं आयुष्य त्यांच्या काठावर चालतं. नववीतला मुलगा मित्रांबरोबर व्हेप ओढतो. दहावीतली मुलगी क्लास बुडवून एका मुलाला भेटते. सातवीतल्या मुलाने बाबांच्या पाकिटातून पैसे घेतले. यांतलं काय सांगायचं?

मी स्वतःला काही प्रश्न विचारते. नुकसान किती मोठं, किती जवळ? एकदा घडलं की रोज घडतंय? मूल हे एकटं करतंय की कुणी मोठं माणूस त्याला ओढतंय? मी गप्प राहिले तर बोलण्याची वाट खुली राहून ते थांबण्याची शक्यता वाढते की कमी होते? व्हेप अधूनमधून ओढणाऱ्या मुलाशी मी स्वतःच काम करेन. तोच मुलगा कुणाकडून तरी उधारीवर गोळ्या घेऊ लागला असेल, पैशांसाठी कुणी धमकावत असेल, तर तो धोका आहे. तेरा वर्षांची मुलगी इन्स्टाग्रामवर ओळख झालेल्या, कधीही न पाहिलेल्या 'मित्राला' रविवारी एकटी भेटायला जाणार असेल, तर मी रविवारपर्यंत थांबणार नाही.

सांगायचं ठरलं की ते कसं सांगायचं, यात मुलाला पूर्ण वाटा द्या. मी तीन पर्याय पुढे ठेवते. तू सांग, मी शेजारी बसते. मी सांगते, तू शेजारी बस. मी एकटी सांगते, तू बाहेर थांब. एका मुलीने चौथाच पर्याय काढला होता. तिने वहीच्या पानावर चार ओळी लिहिल्या आणि म्हणाली, "आई हे वाचेल, तुम्ही तिचं तोंड बघा, आणि ओरडायला लागली की थांबवा." आम्ही तसंच केलं. आधी कुठले शब्द वापरायचे, कुठला तपशील वगळायचा, आई रडली तर काय करायचं, हे सगळं ठरवलेलं असलं की मूल परत येतं. न सांगता केलेला एक फोन मात्र महिन्यांचं काम पुसून टाकतो.

शाळेत हा पेच आणखी घट्ट होतो, कारण पगार शाळा देते. मुख्याध्यापक सहज विचारतात, "काय म्हणाली हो ती?" हेतू बहुधा वाईट नसतो. त्यांना उपयोगी पडेल ते द्या: "पुढचे काही दिवस तिला वर्गात उभं करून वाचायला सांगू नका. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसू द्या." कारण सांगायची गरज नाही. नेमणुकीच्या वेळीच शाळेशी लेखी ठरवून घ्या, की समुपदेशनाच्या नोंदी कुलूपबंद राहतील आणि प्रगतिपुस्तकाच्या फाइलमध्ये जाणार नाहीत. आणखी एक साधी गोष्ट: शिपाईकाकांनी वर्गाच्या दारात उभं राहून "समुपदेशन मॅडमनी बोलावलंय" असं मोठ्याने म्हटलं, की गोपनीयता तिथेच संपली. मुलाला आधीच वेळ लिहून चिठ्ठी द्या किंवा मधल्या सुट्टीत भेटा.

लैंगिक अत्याचार समोर आला तर

इथे निवडीला जागा नाही. पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२पासून लागू आहे. त्याच्या १९व्या कलमानुसार असा गुन्हा घडल्याचं कळलेल्या किंवा घडण्याची भीती वाटणाऱ्या कुणीही विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. 'कुणीही' यात समुपदेशक, डॉक्टर, शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक सगळे येतात. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कारवाई होऊ शकत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये स्पष्ट म्हटलं, की माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे.

मूल बोलायला लागलं की हे करा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, त्याने हात धरून मागितलं तरी. चेहरा स्थिर ठेवा, कारण मूल आपल्या चेहऱ्यावरूनच ठरवतं की पुढे सांगावं की नाही. खोदून विचारू नका. "मग काय झालं?" इतकंच. "त्याने इथे हात लावला का?" असा सुचवणारा प्रश्न पुढे न्यायालयात मुलाच्याच विरुद्ध जाऊ शकतो. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा. ते 'शूची जागा' म्हणालं असेल तर तेच लिहा, शुद्ध करू नका. तारीख, वेळ, आपला प्रश्न आणि त्याचं उत्तर. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही," हे त्याच भेटीत त्याच्या कानावर गेलंच पाहिजे.

मग पुढे काय होईल, ते त्याला सांगा. कायद्यानुसार जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा आहे. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. "पोलीस घरी येतील" या एका वाक्याने मूल हादरतं. बाकीचा तपशील दिला की ती भीती बरीच कमी होते.

घरच्यांना आधी सांगायचं का? अत्याचार करणारा घरातलाच असेल, किंवा घरचे त्याला पाठीशी घालतील अशी शंका असेल, तर आधी मूल सुरक्षित कुठे राहील ते पाहा आणि १०९८वर फोन करा. हा क्रमांक मुलांसाठी चोवीस तास, विनाशुल्क आहे. १९९६मध्ये मुंबईतूनच त्याची सुरुवात झाली होती.

एक खरोखर कठीण जागा आहे. सतरा वर्षांची मुलगी आणि अठरा-एकोणीसचा मुलगा, दोघांच्या मर्जीने शरीरसंबंध. कायदा अठराच्या आतल्या मर्जीला संमती मानत नाही, त्यामुळे कळवण्याचं बंधन इथेही येतं. माझ्या मते याचा त्रास अनेकदा त्या मुलीलाच होतो, आणि या भीतीने मुली डॉक्टरकडेही जात नाहीत. पण कायदा आहे तोवर आपली वाट एकच: मर्यादा आधी सांगून ठेवणं, म्हणजे आपण काय बोलतोय आणि त्याचं पुढे काय होईल, हे माहीत असून ती बोलेल.

मरणाचे विचार

विचारल्याने विचार येत नाहीत. उलट कुणीतरी विचारलं याने मुलाला सुटल्यासारखं वाटतं. "जगणं नकोसं वाटतं का? मरावं असं मनात येतं का?" हे सरळ शब्दांत विचारा. हो म्हटलं तर पुढे: कसं, कधी, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का, काय थांबवतंय. नुसता विचार, ठरवलेला बेत आणि हाताशी असलेलं साधन या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि तिसरीवरच्या मुलाला त्या क्षणापासून एकटं सोडायचं नाही.

पालकांना त्याच दिवशी, मुलाला आधी कल्पना देऊन बोलवा. मग घर सुरक्षित करा. ग्रामीण भागात कीटकनाशकाचे डबे पडवीत उघडे असतात, ते शेजाऱ्यांकडे किंवा कुलपात. आजीच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या कपाटात. मुलासोबत सुरक्षिततेचा कागद लिहा: विचार जोरात यायला लागल्याची खूण काय, तेव्हा काय करायचं, कुणाला फोन करायचा. त्यावर टेलि मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक असू दे. तो चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञाची भेट त्याच किंवा दुसऱ्या दिवशी. पालक पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात. त्यांना सांगा, की २०१७च्या कायद्याच्या ११५व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न तीव्र ताणाखाली झाला असं गृहीत धरलं जातं आणि शिक्षा होत नाही.

वागणं बदलायचं, पण कुणासाठी?

वर्तन-उपचाराच्या इतिहासात सुरुवातीलाच एक धडा आहे. १९२०मध्ये वॉटसन आणि रेनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एका वर्षाच्याही आतल्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती वाटायला शिकवली. उंदीर दिसला की मागे लोखंडी कांबीवर हातोडा. ते बाळ पुढे तिथून गेलं आणि त्याची भीती कुणी काढलीच नाही. १९२४मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी उलटं काम केलं. पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाला सशाची भीती वाटायची. तो आवडीचं खात असताना ससा दर वेळी थोडा थोडा जवळ आणत गेले आणि शेवटी पीटर त्याला हात लावू लागला. मुलाच्या गतीने, त्याच्या होकाराने, मागे यायची मोकळीक ठेवून. भीतीवर काम करताना आजही याहून वेगळं काही करायचं नसतं.

तंत्राआधी कारण शोधा. आठवडाभर घरी एक साधी नोंद ठेवायला सांगा: वागण्याच्या आधी काय घडलं, मूल नेमकं काय वागलं, नंतर काय झालं. 'त्रास देतो' असं लिहायचं नाही, 'वही फाडली' असं लिहायचं. एका आईच्या वहीत सगळे आरडाओरडे संध्याकाळी साडेसात ते आठमध्ये होते आणि दर वेळी त्याच्या शेवटी गणिताचा अभ्यास टळला होता. मुलाचा 'राग' हा गणितापासून सुटण्याचा रस्ता होता. उपाय गणितात होता.

ठरलेलं वागणं जमलं की तक्त्यावर चांदणी द्यायची, ही पद्धत वापरायची तर काही गोष्टी पाळा. जेवण, झोप, मैदानावरचा खेळ, आईची कुशी या मुलाच्या गरजा आहेत. त्या बक्षीस म्हणून द्यायच्या नाहीत आणि शिक्षा म्हणून काढायच्याही नाहीत. लक्ष्य इतकं जवळ ठेवा की पहिल्या दोन दिवसांत चांदणी मिळालीच पाहिजे. मिळालेली चांदणी पुन्हा काढून घेऊ नका. तक्ता पाहुण्यांना दिसेल असा फ्रिजवर लावू नका. आणि पालकांना आधी बजावा: रडून मागितलेली वस्तू द्यायचं थांबवलं की सुरुवातीला रडणं वाढेल. हे माहीत नसलं तर ते तिसऱ्या दिवशी वस्तू देतात, आणि जास्त रडलं की मिळतं, हे मूल शिकतं.

मारणं, कोंडणं, मिरचीची धुरी, उपाशी ठेवणं हे कुठल्याही नावाखाली उपचार होत नाहीत. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानुसार बंदी आहे. पालक "तुम्हीच दोन लगावा" म्हणतात तेव्हा त्यांच्या थकव्याबद्दल बोला, पण इथे तडजोड नाही.

काही उद्दिष्टं नाकारायची असतात. स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल आनंदात हात हलवतं, कुणाला त्याचा त्रास नाही, तर ते बंद करायचं कारण काय? नजरेला नजर भिडवायची सक्ती का? बोलून किंवा चित्र दाखवून "नको" म्हणता येणं, रस्ता ओलांडता येणं, संडासला जायचं सांगता येणं, याने त्याचं आयुष्य सोपं होतं. तिकडे वेळ द्या. तसंच, "मुलाला मुलं आवडतात, त्याला सरळ करा" म्हणून आलेल्या पालकांना स्पष्ट नकार द्या. समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक चौकटीत न बसणं यावरून मानसिक आजार ठरवता येत नाही, असं मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं तिसरं कलम सांगतं, आणि असे 'उपचार' करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये कळवलं आहे. पालकांना मात्र दारातून परत पाठवू नका. त्यांची भीती खरी असते आणि तिच्यावर काम करता येतं.

आईबाबा वेगळे होत असतील तर

ताबा कुणाकडे, संमती देण्याचा अधिकार कुणाला, न्यायालयाचा काही आदेश आहे का, हे कागद पाहून आधीच नोंदवा. एक बाजू "मुलाला बाबांची भीती वाटते, असं लिहून द्या" म्हणून येते. आपण उपचार करतोय, ताब्याचा निवाडा करत नाही. ज्याला भेटलो नाही त्याच्याबद्दल मत लिहायचं नाही. किती भेटी झाल्या आणि काय काम चालू आहे, यापलीकडे पत्रात जाऊ नका, आणि हे पहिल्या भेटीतच दोघांना सांगा.

राखी, व्हॉट्सॲप आणि बाजारातली गाठ

रक्षाबंधनाच्या आठवड्यात एखादी मुलगी राखी घेऊन येते आणि समुपदेशक दादाला बांधायला हात पुढे कर म्हणते. इथे पुस्तकातला नियम चिकटवून तिचा हात मागे सारू नका. राखी घ्या, नातं कुठलं हे हळुवार सांगा, ओवाळणीची भेटवस्तू देऊ नका, पालकांना कळवा आणि नोंदीत लिहा. निकालाचा पेढा घ्यावा, महागडं घड्याळ परत करावं. मूल 'ताई' म्हणो, 'काकू' म्हणो की 'मॅडम', हरकत नाही. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर उत्तर देणारी ताई मात्र होऊ नका. निरोप कुठल्या वेळेत बघणार आणि तातडीत काय करायचं, हे आधी ठरवून द्या.

खोलीच्या दाराला काच असू द्या, आवाज बाहेर जाऊ नये पण आत माणसं दिसावीत. स्पर्श मुलाने मागितल्यावर, आणि तोही जपून. लहान गावात लग्नात, जत्रेत, किराणा दुकानात गाठ पडतेच. "बाहेर भेटलो तर आधी तू हसलास तरच मी हसेन," हे ठरवून ठेवलं की मुलाची सुटका होते.

ऑनलाइन भेटीत पहिला प्रश्न: खोलीत आणखी कोण आहे? हेडफोन लावायला सांगा आणि एक साधा शब्द ठरवा. "उद्या पेपर आहे" म्हटलं की कुणीतरी आत आलंय आणि विषय बदलायचा.

नोंदी आणि निरोप

नोंदी अशा लिहा, की पुढे ते मूल मोठं होऊन वाचेल तर त्याला अपमान वाटू नये. 'खोटं बोलते' याऐवजी 'आधीच्या भेटीपेक्षा वेगळं सांगितलं'. निरीक्षण आणि आपला अंदाज वेगळा ठेवा. मोबाइलमध्ये मुलांच्या चित्रांचे फोटो साठवू नका, कार्यशाळेत दाखवायला तर नाहीच. अनुभवी सहकाऱ्याशी नियमित चर्चा ठेवा, पण नाव, शाळा, गाव बदलून.

थांबायची वेळ आली की मुलाला काही भेटी आधी सांगा. फी परवडत नाही म्हणून किंवा बदली झाली म्हणून पालक अचानक बंद करतात, तेव्हा एका निरोपाच्या भेटीचा आग्रह धरा, गरज पडल्यास विनामूल्य. त्या भेटीत चित्रं आणि कागद मुलाला विचारून त्याच्याकडे द्या किंवा त्याच्यासमोर फाडा. पुढच्या समुपदेशकाला काय कळवायचं, तेही त्याच्यासोबत बसून लिहा, त्याला वाचून दाखवा, आणि एखादी ओळ काढायला सांगितली तर, सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तेव्हा, ती काढून टाका.